खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची निद्रा

धान्याच्या व्यापारात मनुष्याच्या खांद्याइतके राबलेले दुसरे साधन नसेल. मालमोटारी आल्या, विजेचे वजनकाटे आले, पोत्यांची तोंडे शिवणारी यंत्रे आली. तथापि गोदामात थप्पी लावावयाची ती अद्याप माणसाच्या पाठीवरून आणि खांद्यावरूनच. आमच्या तरुणपणी पोते म्हटले की ते १०० किलोचे, असाच हिशेब होता. आता सरकारी धान्य ५० किलोंच्या पोत्यांतून येते, ही सुधारणा खरोखर स्वागतार्ह आहे. परंतु ज्या पिढीने क्विंटलाची पोती उचलली ती आता साठीच्या घरात आली असून तिचे खांदे रात्री बोलू लागले आहेत. गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याचीही यातून सुटका नाही. पावसाळ्यात ओल्या पायरीवरून पाय घसरणे, मोटारसायकलवरून पडणे, किंवा काहीही निमित्त न होता केवळ वयोमानाने खांद्यातील कंडरा झिजून तुटणे, हे प्रकार आपल्या सभासद कुटुंबांतही घडतात, आणि मग मिरज, कोल्हापूर किंवा बेळगाव यांपैकी एखाद्या गावी शस्त्रक्रियेचा मुहूर्त ठरतो.

शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाईक पुष्कळ गोष्टींची चौकशी करतात. खर्च किती, डॉक्टर कोणते, टाके किती, घरी केव्हा सोडणार. परंतु घरी आल्यानंतरच्या चाळीस-पन्नास रात्री रुग्णाने काढावयाच्या कशा, हे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वास्तविक या शस्त्रक्रियेत दिवस कसाबसा निघतो. कसोटी असते ती रात्रीची. प्रस्तुत लेखकाच्या उजव्या खांद्यावर दोन वर्षांपूर्वी मिरजेतील एका रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली. त्या अनुभवातून आणि डॉक्टरांच्या सांगण्यातून जे हाती लागले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा शब्द अर्थातच शेवटचा. कारण प्रत्येकाचा खांदा निराळा आणि केलेली दुरुस्तीही निराळी.

प्रथम दुरुस्ती कसली असते ते पाहू. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू होय. बशी उथळ असल्यामुळेच हात चहूकडे फिरतो. परंतु त्याच कारणाने चेंडू जागेवर राखण्याचे काम स्नायूंना करावे लागते. चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे हाडास जुळणारी त्यांची दोरीसारखी टोके, दंडाच्या हाडाच्या डोक्याभोवती कडे करून बसलेली असतात. यांपैकी वरची कंडरा बहुधा तुटते. ती हाडापासून सुटली की हात वर उचलवत नाही आणि रात्री त्या कुशीवर वळवत नाही. शल्यविशारद हाडात बारीक खुंट्या बसवून त्यांच्या दोऱ्यांनी ही कंडरा पुन्हा हाडाशी बांधतात. हल्ली हे काम बहुधा दुर्बिणीतून होते. जपानात तोकियो येथे केंजी ताकागी यांनी १९१८ साली गुडघ्याच्या सांध्यात दुर्बीण घालून पाहिले आणि त्यांचेच अनुयायी मासाकी वातानाबे यांनी पुढे व्यवहारात चालेल अशी दुर्बीण सिद्ध केली, तेथून ही विद्या वाढत आली आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तीन-चार बारीक छिद्रे तेवढी दिसतात आणि “एवढेच ना?” असे तो म्हणतो. आतील स्थिती निराळी असते. दोरा कंडरेस केवळ धरून ठेवतो. ती हाडाशी खरोखर सांधली जाण्यास सुमारे बारा आठवडे लागतात, आणि पुरते बळ येण्यास सहा महिने ते वर्ष.

अमेरिकेतील बोस्टन शहरी अर्नेस्ट एमरी कॉडमन नावाचे शल्यविशारद होऊन गेले. तुटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९०९ साली केली आणि १९३४ साली केवळ खांद्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कमरेत वाकून हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलका झुलविण्याचा जो व्यायाम आजही शिकवितात, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आम्हा व्यापाऱ्यांना या गृहस्थाविषयी जवळीक वाटावी असे आणखी एक कारण आहे. हा मनुष्य प्रत्येक रुग्णाचे खाते ठेवी. रुग्ण घरी गेला म्हणजे खाते मिटले असे न मानता वर्षाने त्यास पुन्हा बोलावून गुण आला की नाही ते पाही व लिहून ठेवी. १९११ ते १९१६ या काळात आपल्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा जमाखर्च त्यांनी छापून प्रसिद्ध केला, त्यात १२३ चुका स्वतःच नोंदविल्या. समव्यवसायींना ते रुचले नाही, हे सांगावयास नकोच.

आता रात्रीकडे वळू. दिवसा मनुष्य बसलेला असतो, हात गळ्यातील झोळीत असतो, चार माणसांशी बोलण्यात मन गुंतलेले असते. रात्री तो उताणा आडवा झाला की कोपर आपल्या वजनाने अंथरुणात मागे ओघळते आणि दंडाचे डोके पुढे सरकून शिवलेल्या जागी ताण येतो. त्यात लक्ष वेधणारे दुसरे काही नसल्याने ठणका दुप्पट भासतो. झोपेत नकळत कूस बदलली जाते, उशाशी पडलेला तांब्या घेण्यास हात पुढे जातो. म्हणून झोप ही येथे चैनीची बाब नव्हे. न झोपलेल्या माणसास वेदना अधिक जाणवते, अधिक वेदना झाली की अधिक गोळ्या लागतात, आणि दिवसा त्याच्याने व्यायाम होत नाही. यातील दिलाशाची गोष्ट अशी की कंडरा तुटलेले बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वीही नीट झोपत नसतात, आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत त्यांची झोप पूर्वीपेक्षा सुधारते असे पाहणीत आढळले आहे. मधले काही आठवडे तेवढे निभावून न्यावयाचे.

ते निभावण्याची मुख्य युक्ती म्हणजे अर्धवट बसून झोपणे. पाठ जमिनीशी साधारण ३० ते ४५ अंशांचा कोन करील अशी टेकलेली असावी. शहरातील लोक यासाठी कळ फिरवून डोके उचलणारी खाट भाड्याने आणतात. ती मिळाल्यास उत्तमच. परंतु आपल्या घरात, किंबहुना प्रत्येक जुन्या पेढीवर, याहून सोयीची सामग्री पिढ्यान् पिढ्या पडून आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गादी, लोड आणि तक्के! दिवाणजी ज्या थाटात लोडास टेकून कीर्द लिहीत, तीच ही बैठक. फरक एवढाच की ती जमिनीवर न मांडता दिवाणावर किंवा खाटेवर मांडावी, कारण एका हाताने जमिनीवरून उठणे साठीच्या माणसास जमत नाही आणि तोल जाऊन त्याच खांद्यावर पडण्याची भीती असते.

भिंतीशी घट्ट लोड लावावा, त्यावर मोठा तक्का तिरका टेकवावा, आणि मानेखाली पातळ उशी घ्यावी. शेवरीच्या कापसाची उशी मऊ खरी. पण ती मध्यरात्रीपर्यंत दबून सपाट होते, म्हणून पाठीशी भरगच्च सरकीकाढ्या कापसाचाच तक्का हवा. गुडघ्यांखाली एक गुंडाळलेली रजई ठेवावी, नाहीतर पहाटेपर्यंत रुग्ण घसरत घसरत पुरता आडवा झालेला असतो. सर्वांत महत्त्वाची उशी म्हणजे कोपराखालची. उताणे टेकल्यावर आपल्या कोपराकडे नजर टाकावी. ते दिसत असेल तर हात योग्य जागी आहे. दिसत नसेल तर तो मागे ओघळला आहे, आणखी एक घडी खाली सरकवावी. ही खूण लहान मुलासही कळते, आमचा नातू रात्री झोपण्यापूर्वी येऊन “आजोबा, कोपर दिसतंय का?” असे विचारून जात असे. डॉक्टरांनी झोळीबरोबर बगलेत बसणारी जाड उशी दिली असल्यास ती व झोळी दोन्ही झोपेतही काढावयाची नाहीत. साधारण चार ते सहा आठवडे हा नियम असतो.

काही ठिकाणी हातास आधार म्हणून धान्याने किंवा कोंड्याने भरलेल्या पिशव्या करण्याची रीत आहे. धान्यात आयुष्य गेलेल्या मनुष्याने सांगावे तर हा मोह टाळावा. अंगाच्या घामाने व उष्म्याने त्या पिशवीत आठपंधरा दिवसांत सोंडे होतात आणि रुग्णाच्या अंथरुणात किडे फिरू लागतात. स्वच्छ धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या घड्या याहून शतपटीने बऱ्या.

खाट अशी ठेवावी की शस्त्रक्रियेचा खांदा भिंतीच्या बाजूस राहील व उतरणे चांगल्या हाताकडून होईल. उशाशी पाणी, चष्मा व विजेरी चांगल्या हाताकडे असावी. मंद दिवा रात्रभर ठेवावा. जुन्या वाड्यांतून मोरी व शौचगृह मागील दारी असते, वाटेत पायऱ्या असतात. साठीच्या माणसास रात्री दोनदा तरी उठावे लागते. त्या वाटेवरील पायपुसणी, दोऱ्या, पोरांची खेळणी शस्त्रक्रियेच्या आधीच उचलावी. धोतर एका हाताने नेसता येत नाही; लुंगी किंवा नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा हवा. वर गंजीफ्रॉक घालणे अशक्यच असते. पुढून उघडणारा सैल सदरा किंवा पूर्वीची बंदांची बंडी सोयीची. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. भगिनींनी एक-दोन सैल, पुढून बटणांची पोलकी आधीच शिवून घ्यावी आणि वेणी घालण्याचे काम सहा आठवडे लेकीसुनांवर सोपवावे.

पहिल्या रात्रीविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळी मानेच्या मुळाशी सुई देऊन हात बधिर करतात. तो बधिरपणा बारा-अठरा तास, कधी त्याहून कमी, टिकतो. तोवर रुग्ण आनंदात असतो, चहा मागतो, दुकानाचे भाव विचारतो. दुपारी शस्त्रक्रिया झाली असल्यास हा अंमल नेमका मध्यरात्रीनंतर उतरतो आणि वेदना एकदम उसळते. म्हणून हात बधिर असतानाच, दुखू लागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी लिहिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर सुरू करावी. या अंमलाने त्या बाजूची पापणी जड होते, आवाज घोगरा होतो, श्वास किंचित अपुरा वाटतो. घरची मंडळी अर्धांगवायूच्या शंकेने घाबरतात. हे बहुधा अंमलाबरोबर ओसरते. मात्र श्वास खरोखर लागत असेल तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांस बोलवावे. बधिर हातावर बर्फ ठेवताना कातडी भाजल्यासारखी होते तरी कळत नाही. म्हणून बर्फाची पिशवी पंचात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटेच, आणि जखम कोरडी राखून ठेवावी. झोपण्यापूर्वीचा असा एक शेक, थंड का होईना, मोठा उपकारक होतो.

येथे आपल्या समाजापुरता एक प्रश्न उद्भवतो. ज्यांचा सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम आहे त्यांनी रात्रीच्या गोळ्यांचे काय करावे? हिवाळ्यात आपल्या भागात सायंकाळपासून सूर्योदयापर्यंत सुमारे तेरा तास जातात आणि साध्या वेदनाशामक गोळीचा अंमल चार ते सहा तासच असतो. काही गोळ्या तर उपाशीपोटी घेतल्यास जठरास अपाय करतात. हा वाद रात्री दोन वाजता रुग्णाच्या उशाशी घालू नये. शस्त्रक्रियेच्या आधी, तपासणीच्या दिवशीच, डॉक्टरांपुढे आपला नियम स्पष्ट सांगावा. सायंकाळच्या भोजनाबरोबर घेता येईल असे दीर्घ अंमलाचे औषध आहे काय, ते मूत्रपिंड, रक्तदाब व मधुमेह पाहता आपणांस चालेल काय, हे ते सांगू शकतात. आजारपणात नियमास कितपत सूट असते हे ज्याने त्याने आपल्या गुरुजनांस आधीच विचारून ठेवावे. आमच्या पाहण्यात असे आले आहे की आधी विचारणाऱ्यास दोन्हीकडून वाट मिळते.

झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये, आणि शेजाऱ्याची उरलेली तर मुळीच घेऊ नये. वृद्ध माणसास तिने रात्री भ्रम होतो, तोल जातो, आणि पडला तर सारी दुरुस्ती फुकट. तीव्र वेदनाशामकांनी मलावरोध होतो, पोट फुगून झोप मोडते. दिवसा भरपूर पाणी, शाळूची भाकरी, पालेभाजी व थोडे चालणे यांनी तो बराच टळतो. दुपारी अर्ध्या तासापेक्षा अधिक डुलकी नको. तिसऱ्या प्रहरानंतर चहा नको. बोटे, मनगट व कोपर यांच्या ज्या हालचाली फिजिओथेरपिस्टने सांगितल्या असतील त्या दिवसा नेमाने केल्या म्हणजे हात सुजत नाही व रात्री जड होत नाही. हाडवैद्याकडून चोळून घेणे, गरम तेलाची मालीश, कोणी पाहुण्याने हात ओढून “मोकळा” करणे, हे शिवलेल्या कंडरेचे शत्रू होत.

निपाणीच्या आसमंतात राहणाऱ्यांस तंबाखूविषयी बोलणे अवघड जाते. या भागातील कित्येक चुली तिच्यावर पेटल्या आहेत. तरीही सांगितले पाहिजे की तंबाखूतील निकोटिनाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कंडरा हाडास सांधण्याचे काम मंदावते. विडी ओढणाऱ्यांत दुरुस्ती न टिकण्याचे प्रमाण अधिक असते. शिवाय रात्री तलफेने झोप मोडते ती निराळीच. मधुमेहाचेही असेच आहे. साखर ताब्यात नसेल तर जखम रेंगाळते आणि सांधा आखडतो.

मिरजेहून घरी येण्याचा प्रवास ही देखील आरामाचीच बाब आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उघडल्यापासून दूधगंगेच्या काठची माणसे उपचारासाठी मिरजेस जात आली आहेत, पूर्वी बैलगाडीने, आता मोटारीने. खड्डे मात्र दोन्ही काळांत आहेत. उजवा खांदा असेल तर चालकाशेजारील डाव्या आसनावर बसावे, डावा असेल तर चालकाच्या मागील उजव्या आसनावर. म्हणजे सुरक्षापट्टा चांगल्या खांद्यावरून येतो. कोपराखाली उशी येथेही हवीच. घरी पोहोचल्यावर ताप, जखमेतून पू, पोटरीस सूज, छातीत कळ, किंवा अंमल उतरल्यानंतरही बोटांस बधिरता, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी कळवावे.

समाचारास येणाऱ्या मंडळींविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. प्रेमापोटी लोक येतात, परंतु दुकान बंद करून रात्री साडेनऊला येतात, आणि प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी फसलेली शस्त्रक्रिया असते. सायंकाळी सहापर्यंतच भेट होईल असे घरातील वडीलधाऱ्यांनी नम्रपणे सांगून टाकावे. तसेच रात्री उठणाऱ्या गृहिणीचाही विचार व्हावा. पहिले दहा दिवस कोपराखालची उशी तीन-चार वेळा सारखी करावी लागते. हे काम एकट्या पत्नीवर न टाकता मुलगे, सुना यांनी पाळी लावून घ्यावी.

सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ते ३३ वर्षांचेही नव्हते. उत्तमोत्तम तज्ज्ञ हाताशी असताना त्यांना पुन्हा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरण्यास सप्टेंबर उजाडला. त्या सामन्यात त्यांनी नाबाद १४१ धावा काढल्या. आमच्या अडतीवरील एका जुन्या हमालाची गेल्या वर्षी खांद्याची शस्त्रक्रिया झाली, त्याचे वय ५४. सहा आठवड्यांनी झोळी सुटताच तो कामावर हजर झाला. घरी बसून चालणार कसे? एका खोलीत पाच माणसे, खाट नाही, लोड नाही. भिंतीस पाठ लावून तो रात्री काढीत होता. आमच्या वडिलांची कापडी आरामखुर्ची माडीवर पडून होती, ती पहिल्या आठवड्यातच त्याच्याकडे पाठविली होती. तिचा दांडा हव्या त्या खाचेत अडकविता येतो, म्हणजे हवा तो कोन मिळतो, आणि दिवसा मिटून ठेवता येत असल्याने लहान खोलीतही मावते. हातावर दोन घड्या ठेवल्या की काम झाले.

परंतु खुर्चीने झोप मिळाली तरी मजुरी मिळत नाही, आणि मजुरीच्या काळजीनेही झोप जाते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला, त्यान्वये मंडळांमार्फत त्यांच्या मजुरीची व भविष्यनिर्वाह निधीची व्यवस्था लागते. तो कायदा आपल्या बाजूस लागू नाही. येथे हमाल आजारी पडला तर त्याचे काय करावयाचे ते त्या त्या अडत्याच्या मनावर असते. आम्ही त्यास सहा महिने अर्धी मजुरी चालू ठेवून, डॉक्टरांच्या परवानगीने तिसऱ्या महिन्यापासून काट्याजवळ पोती मोजण्याच्या कामावर बसविले. पाठीवर पोते सात महिन्यांनी आले, तेही कमरेइतक्या उंचीपर्यंतच. वरची थप्पी दुसरे लावतात. यात आमचा काही मोठेपणा नाही. सहा आठवड्यांनी त्याच्या खांद्यावर ५० किलो ठेवले असते तर ती दुरुस्ती टिकली नसती आणि पुढे त्यास कोणीच कामावर घेतले नसते. एखाद्या छोट्या अडत्यास ही अर्धी मजुरी एकट्याने पेलणारी नाही हेही खरे. म्हणून संघाने प्रत्येक पोत्यामागे काही पैसे बाजूस काढून हमालांच्या आजारपणासाठी निधी करावा, असा विषय येत्या वार्षिक सभेपुढे मांडावा अशी आमची विनंती आहे.

त्याच सभेत आणखी एक लहानशी मागणी आहे. डोके उचलणाऱ्या दोन खाटा व चार कापडी आरामखुर्च्या संघाने विकत घेऊन ठेवाव्या, आणि सभासदांस व त्यांच्या दुकानांवरील हमालांस लागतील तशा वापरावयास द्याव्या. तोपर्यंत आमच्याकडील खुर्ची उपलब्ध आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी दुकानी माणूस पाठवून न्यावी. परत करताना कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून द्यावे, आणि खाचेचा दांडा सोबत आठवणीने पाठवावा.